घासू आनंदे

ॲल्युमिनियमला चमकायची मुळात हौस नसते. हवा लागल्याबरोबर हा धातू स्वतःवर ऑक्साइडचा पापुद्रा ओढून घेतो आणि जगाशी असलेला संबंध तेवढ्यावर मिटवतो. पापुद्रा किती जाड, तर दोन ते चार नॅनोमीटर, म्हणजे डोळ्यांना दिसायचा प्रश्नच नाही. तुम्ही तो खरवडलात तर हात मागे घेईपर्यंत दुसरा तयार. लोखंडाचा गंज पोपडे धरून गळतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पाडतो. ॲल्युमिनियमचा गंज मात्र जागचा हलत नाही, उलट खालच्या धातूची राखण करतो. इतक्या समजूतदार, आपलं आपण बघून घेणाऱ्या धातूला खरं तर कुणी त्रास देऊ नये. पण त्याला चमकवल्याशिवाय न सोडणारी दोन प्रकारची माणसं आहेत. एक, घरोघरी भांडी घासणाऱ्या बायका आणि दुसरे, जुन्या सायकलींचे शौकीन. पहिल्यांना पर्याय नसतो. मी दुसऱ्यांपैकी आहे.

ज्यांचा सायकलशी संबंध शाळेबरोबरच सुटला त्यांच्यासाठी सांगतो. पायडल ज्याच्या टोकाला बसतं आणि मधल्या दातेरी चक्राला जो फिरवतो, तो दांडा म्हणजे क्रँक. आपल्या दूधवाल्यांच्या काळ्या सायकलींना तो लोखंडी असायचा, वरून क्रोमचा मुलामा, आणि कॉटर पिन ठोकून बसवलेला. शर्यतीच्या सायकलींचे क्रँक मात्र ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, साच्यात दाबून घडवलेले, वजनाला हलके. इटलीची काम्पान्योलो, जपानची सुगिनो अशा कंपन्या ते बनवायच्या. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणायचे, आणि तो आपल्या गल्लीतून गेला तरी पोरं खेळ थांबवून त्याच्या सायकलीकडे बघत राहायची. त्या सायकलींपैकी एखादीचे अवयव फिरत फिरत पुण्याच्या जुन्या बाजारात येत असतील, अशी माझी बुधवारची आणि रविवारची श्रद्धा आहे.

माझा क्रँक तिथलाच. नळाच्या तोट्या, पंख्याची पाती आणि एका टाइपरायटरचं पोट यांच्यामध्ये तो पडला होता. त्यावर सुगिनोची अक्षरं दिसली आणि मी चेहरा होईल तितका निर्विकार केला. जुन्या बाजारात निर्विकार चेहऱ्याचा माणूस लगेच ओळखू येतो. विकणाऱ्याने क्रँक भंगाराच्या तराजूत टाकला होता, तो उचलून शांतपणे बाजूला ठेवला आणि वेगळा भाव सांगितला. घासाघीस झाली. खरी घासाघीस पुढेच होती, हे त्यालाही बहुतेक माहीत असावं.

क्रँक मेलेल्या राखाडी रंगाचा झाला होता. बाहेरच्या अंगाला, जिथे चालवणाऱ्याचा बूट वर्षानुवर्षं घासत आला होता, तिथे मात्र एक लांबट पट्टा स्वच्छ, जवळजवळ चांदीसारखा. कुणीतरी हजारो किलोमीटर पायडल मारून तेवढा भाग नकळत पॉलिश केला होता. उरलेल्या भागावर ॲनोडायझिंगचा थर अजून चिकटून होता, पांढुरका आणि डागाळलेला.

हे ॲनोडायझिंग म्हणजे ॲल्युमिनियमच्या त्या उपजत पापुद्र्याचीच कारखान्यात केलेली वाढ. सल्फ्युरिक ॲसिडच्या हौदात वस्तू बुडवायची, तिला विजेचं धन टोक जोडायचं आणि प्रवाह सोडायचा. दोन-चार नॅनोमीटरचा पापुद्रा दहा-वीस मायक्रॉनपर्यंत जातो, म्हणजे हजारो पटींनी जाड होतो. हवा असेल तर रंग त्याच्या बारीक छिद्रांत भरायचा आणि उकळत्या पाण्याने छिद्रं मिटवून टाकायची. स्वयंपाकघरातली ती काळपट, जड, 'हार्ड ॲनोडाइज्ड' म्हणून घेतलेली कढई याच कुळातली, फक्त तिचा थर आणखी जाड. रसायन म्हणून पाहिलं तर हा थर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, आणि माणिक-नीलम हेही स्फटिक झालेलं ॲल्युमिनियम ऑक्साइडच. तेव्हा मी जे काढून टाकायला निघालो होतो ते एका अर्थी रत्नांच्या भाऊबंदांपैकी होतं. हे घरात सांगितल्यावर बायको म्हणाली, "मग राहू दे की."

बाजू तिचीच बरोबर होती. सायकल चालवायची असेल तर ॲनोडायझिंगला हात लावू नये, हे मी कुणालाही सांगेन. ते घाम सोसतं, पावसाळा सोसतं, पुसायलासुद्धा लागत नाही. ते काढायचं कारण एकच, आपल्याला चमक हवी असते. यात उपयुक्ततेचा आव आणण्यात अर्थ नाही.

थर काढायला कॉस्टिक सोडा लागतो, आणि तो आणायला बोहरी आळी. दुकानदाराने पुडी बांधता बांधता विचारलं, "मोरी तुंबली का?" मी म्हटलं, "नाही, सायकलीसाठी हवाय." त्याने पुडी क्षणभर हातातच धरून ठेवली. मग शेजारच्या खोक्यातून रबरी हातमोजे काढून तिच्यावर ठेवले आणि त्यांचेही पैसे लावले. सल्ला न देता काळजी घेण्याची ही पद्धत मला फार आवडते.

हे काम बाल्कनीत, उघड्यावर करावं. प्लास्टिकची बादली घ्यावी, ॲल्युमिनियमचं भांडं चुकूनही नाही, नाहीतर क्रँकबरोबर तेही जेवायला बसतं. पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच नाही. सोडा विरघळताना पाणी आपोआप तापतं, आणि उलट क्रमाने केलं तर उसळून अंगावर येतं. डोळ्यांना गॉगल, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट आणि नको असलेली पँट. हा सगळा सरंजाम बघून आई दारातूनच म्हणाली, "पेशंट कोण आहे?"

क्रँक बुडवल्यावर आधी काहीच होत नाही. ऑक्साइड निमूट विरघळत असतं. मग कडेकडेने बारीक बुडबुडे दिसतात आणि बघता बघता सगळा दांडा फसफसायला लागतो. तो हायड्रोजन. थर संपला आणि सोडा आता खुद्द धातूला लागला, याची ती वर्दी. इथे रमायचं नाही, लगेच बाहेर काढून भरपूर पाण्याने धुवायचं. हायड्रोजन पेट घेणारा वायू असल्यामुळे जवळपास उदबत्तीसुद्धा नको. बाहेर आलेली वस्तू मात्र चमकत वगैरे नाही. ती काळी येते. मिश्रधातूतलं तांबं आणि बाकीचे घटक सोड्यात विरघळत नाहीत, ते काजळी होऊन पृष्ठभागावर राहतात. "आधी बरा होता," बायकोचा शेरा. या टप्प्यावर प्रत्येक घरात हेच वाक्य उच्चारलं जात असणार.

या काळ्या दांड्याच्या पूर्वजांना एकेकाळी केवढा मान होता! अठराशे पंचावन्नच्या पॅरिसच्या प्रदर्शनात ॲल्युमिनियमच्या कांड्या मौल्यवान चीज म्हणून मांडल्या होत्या. तिसऱ्या नेपोलियनकडे खाशा पाहुण्यांना ॲल्युमिनियमचे काटे-चमचे देत आणि बाकीच्यांची सोन्यावर बोळवण करत, अशी एक गोष्ट सांगतात. खरी-खोटी तो नेपोलियन जाणे. वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाची गोष्ट मात्र पक्की आहे. 1884 मध्ये त्याच्या अगदी टोकावर ॲल्युमिनियमचा छोटा पिरॅमिड बसवला, वजन जेमतेम पावणेतीन किलोच्या पुढे. तेव्हा या धातूचा भाव चांदीच्या बरोबरीने होता. वर चढवण्याआधी तो न्यूयॉर्कमध्ये टिफनी या जवाहिऱ्याच्या दुकानात जमिनीवर ठेवला होता, आणि लोक येऊन त्याच्यावरून उडी मारून जात, घरी जाऊन सांगायला की आपण वॉशिंग्टनचं स्मारक ओलांडलं. अशा विनोदाला देश लागत नाही. शनिवारवाड्याचं टोक कुणी लक्ष्मी रोडवर ठेवलं तर रांग लागेल.

दोनच वर्षांत या राजेपणाची अखेर झाली, आणि तीही घराच्या मागच्या लाकडाच्या खोपटात. अमेरिकेतल्या ओबर्लिन गावचा चार्ल्स हॉल आणि फ्रान्सचा पॉल एरू, दोघेही 1863 चा जन्म, यांनी एकमेकांचा पत्ता नसताना 1886 मध्ये विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम स्वस्तात काढायची एकच रीत शोधली. दोघेही 1914 मध्ये गेले, हा नियतीचा नीटनेटकेपणा. मला मात्र त्या गोष्टीत हॉलची बहीण ज्युलिया जास्त आवडते. तीही रसायनशास्त्र शिकलेली. भाऊ खोपटात काय करतोय याकडे तिचं बारीक लक्ष असे, आणि पुढे पेटंटच्या वादात भावाची तारीख शाबित करायला तिची साक्ष कामाला आली. घरात उद्योग करणाऱ्या पुरुषाला असा एक साक्षीदार लागतोच. माझ्याकडे दोन आहेत, पण त्यांची साक्ष माझ्या बाजूने जाईल याची खात्री नाही.

असो. आता घासणं.

पाट टाकून बसायचं, शेजारी पाण्याचा वाडगा, त्यात साबणाचा थेंब, आणि वॉटर पेपर: चारशे, सहाशे, आठशे, हजार, पंधराशे, दोन हजार. आकडा जितका मोठा तितका कण बारीक. चारशे हा खरा कष्टकरी. खड्डे, जुने ओरखडे, सोड्याची काजळी, सगळी घाण तो काढतो आणि स्वतःच्या रेघा ठेवून जातो. मग सहाशेने आडव्या दिशेने घासायचं. आडव्या दिशेने का, तर चारशेची एकही उभी रेघ उरली असेल तर ती लगेच उठून दिसते. ती गेली की आठशे, पुन्हा उभा. प्रत्येक कागदाला एवढंच काम की आधीच्याने काढलेल्या रेघा पुसायच्या आणि आपल्या थोड्या बारीक रेघा मागे ठेवायच्या. शेवटीही रेघा असतातच. प्रकाशाला त्या सापडेनाशा होतात, एवढंच. हे कळल्यापासून मला गुळगुळीत माणसांविषयी वेगळाच आदर वाटू लागला आहे.

आठशेच्या आसपास एक मोह होतो. क्रँक बराच बरा दिसायला लागलेला असतो, पाठ दुखत असते, आणि आता एकदम दोन हजार घ्यावा असं मन म्हणतं. मनाचं ऐकू नये. मधली पायरी गाळली तर आठशेच्या रेघांवर दोन हजारचं पॉलिश बसतं आणि त्या रेघा जास्तच तेजस्वी होतात. ओरखड्यालाही चमक येते, हे दृश्य वाईट. शिवाय काही जागांना कागद लावायचाच नाही: पायडलचे आटे, आसावर बसणारा चौकोनी खाचा, आणि रिम घासायला घेतलीत तर जिथे ब्रेक लागतो तो काठ. तिथे मापं आहेत, आणि मापांना चमक कळत नाही.

संध्याकाळी आई पाटाशेजारी खुर्ची टाकून बसायला लागली. सुरुवातीला ती नुसती बघायची. मग एकदा तिने विचारलं, "याच्यात शिजत काहीच नाही ना?"

"नाही."

"मग घाई कसली आहे? सावकाश घास."

आई लग्न होऊन आली तेव्हा वाड्यात रोजच्या वापराला जर्मनची भांडी होती. ॲल्युमिनियमला तेव्हा जर्मनच म्हणत. नारळाच्या शेंडीने आणि राखेने ती घासायची. धुण्याचा सोडा त्यांना लावायचा नाही, काळी पडतात, हा सासूबाईंचा पहिला धडा. कुकर आल्यावर त्याच्या तळच्या पाण्यात लिंबाची साल किंवा चिंचेचं बोटुक टाकायचं, हा दुसरा. मी रसायनशास्त्राची पुस्तकं चाळून आम्ल, अल्क आणि ॲल्युमिनियमची दोन्हींपुढची नरमाई समजून घेतली होती. तिच्याकडे तेच ज्ञान सालीच्या आणि बोटुकाच्या मापात होतं. भारतात या भांड्यांची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटरटन या इंग्रज अधिकाऱ्याने करून दिली, असं मी तिला सांगितलं. "बरं केलं," ती म्हणाली, "पितळेला कल्हई लागायची. कल्हईवाला यायचा त्या दिवशी सगळा स्वयंपाक अडायचा." भाता, नवसागराचा धूर आणि कथलाची फिरवलेली चमक यांचं जे वर्णन मी एखाद्या लेखात दोन पानं केलं असतं, ते तिने 'अडायचा' या क्रियापदात आटपलं.

मला मात्र राहवेना. मी तिला कसब्यातल्या तांबट आळीतलं मठारकाम सांगायला लागलो. तिथे भांडं घासून चमकवत नाहीत, छोट्या हातोडीच्या सारख्या ठोक्यांनी त्यावर एकेक डोळा उठवत जातात. ठोक्याने पत्रा कडक होतो आणि प्रत्येक खळग्यात उजेड वेगळा बसतो. धातू न खर्चता मिळालेली चमक ती. "क्रँक ठोकणार आहेस का?" आईने विचारलं. मी विषय बदलला.

कागद संपले की पॉलिश. शाळेत एनसीसीत असताना पट्ट्याचं बक्कल ज्याने उजळायचो ते ब्रासोही चालतं. ॲल्युमिनियमसाठी म्हणून मिळणारी पेस्ट जास्त चांगली. फडकं मात्र जुन्या सुती नऊवारीचंच हवं. नव्या मायक्रोफायबरच्या कापडांना मी संधी दिली होती. त्यांना ती झेपली नाही. पेस्टचा ठिपका घेऊन गोल गोल घासत राहिलं की फडकं काळंभोर होतं. हात दुखायला लागले तरी जोवर फडकं काळं होतंय तोवर काम चालू आहे असं समजावं. तो काळा रंग म्हणजे निघालेल्या धातूचे अतिसूक्ष्म कण. आणि पेस्टमध्ये घासणारा पदार्थ म्हणून बहुतेक वेळा असतं काय, तर ॲल्युमिनियम ऑक्साइड. आधी सोड्याने जे काढून मोरीत सोडलं तेच आता पैसे देऊन डबीतून आणायचं आणि त्याच धातूवर चोळायचं.

पाहुण्यांनी "कशासाठी?" असं विचारलं तर माझ्याकडे एक सभ्य उत्तर तयार असतं. ॲल्युमिनियम थकतो. पायडलच्या प्रत्येक दाबाबरोबर क्रँक किंचित वाकतो आणि सरळ होतो. पृष्ठभागावर खोल ओरखडा किंवा टोकदार कोपरा असेल तर तिथून बारीक भेग सुरू होते आणि एक दिवस दांडा हातात, म्हणजे पायात येतो. काम्पान्योलोच्या सत्तरच्या दशकातल्या नामांकित न्यूवो रेकॉर्ड क्रँकलासुद्धा चक्र धरणारे हात आणि दांडा मिळतात त्या कोपऱ्यात भेगा पडायच्या, म्हणून जाणकार तो कोपरा बारीक कानशीने गोल करून पॉलिश करतात. गुळगुळीत पृष्ठभागावर भेगेला सुरुवात करायला जागा मिळत नाही. शिवाय एवढा वेळ भिंग लावून घासणाऱ्याला असलेली भेग दिसल्याशिवाय राहत नाही. हे सगळं खरं आहे. पण मी घासायला बसतो ते यासाठी नाही, हे पाहुण्यांना दिसत असतं, कारण बोलताना मी क्रँकमध्ये स्वतःचा भांग बघत असतो.

तयार झालेला क्रँक पाहून सायकलवाल्या मित्राने पहिलाच प्रश्न विचारला, "आता टिकवणार कसा?" याचं उत्तर गैरसोयीचं आहे. लॅकर मारलं तर काही काळाने ते पिवळं पडून सोलतं. मेण लावलं तर पावसापुरतं धरतं. काहीच केलं नाही तर पुण्यात काही महिन्यांत, आणि रत्नागिरीला खाऱ्या हवेत त्याहून लवकर, चमक मंद होते आणि पुन्हा फडकं काढावं लागतं. घामाचं मीठ तर खाऱ्या हवेची वाटसुद्धा बघत नाही. मित्र म्हणाला, "भोसरीला दे. ओळखीचा माणूस आहे, वर मस्त ॲनोडायझिंग करून देईल. आयुष्यभर बघायला नको." मी त्याला चहा दिला.

दिवाळीच्या आधी आईने देव्हाऱ्यातली समई आणि वरच्या फळीवरचा पितळी डबा खाली काढला. समई पितांबरीने उजळायची ठरलेलीच. माझा हात बसला होता, कागद भिजत पडले होते, म्हणून मी सहज म्हटलं, "आई, हिला एकदा आठशेपासून घेऊ का? आरसा करून देतो." आईने समई माझ्या हातातून काढून घेतली, म्हणजे अगदी हिसकावली नाही, पण परत मागायची सोय ठेवली नाही. मग डबा माझ्यासमोर धरून म्हणाली, "वाच." झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं नाव होतं. आडनावाची शेवटची दोन अक्षरं आणि सालाचा एक आकडा सोडला तर बाकी बोटाला लागत होतं, डोळ्याला नाही. पणजीचं नाव. कुणी मुद्दाम पुसलेलं नव्हतं. चार पिढ्यांनी दर सणाला हौसेने घासलं होतं.

"चिंच लाव आणि धुवून टाक," आई म्हणाली. "चोळू नकोस."

मी उठून क्रँक आणला आणि चष्मा लावून बघितला. सुगिनोची अक्षरं शाबूत होती, फक्त त्यांच्या कडा जरा मवाळ झाल्या होत्या. आईनेही तो हातात घेऊन उजेडात फिरवला.

"याच्यावर कोणाचं नाव आहे?"

"कंपनीचं."

"मग घास हवा तेवढा," ती म्हणाली, आणि चिंच भिजत घालायला आत गेली. पायडलचे पिंजरे अजून बाकी होते. मी चारशेचा नवा कागद काढला.